ज्ञानदानाची पावती

आपल्यात चार दानं सांगितली आहेत. आहारदान, औषधदान, शास्त्रदान आणि अभयदान. पाठशाळेतली चौथीची पोरगीसुद्धा हे एका दमात म्हणून दाखवते. शास्त्रदान म्हणजे काय, असं विचारलं की मोठ्या बायकाही सांगतात, ग्रंथ छापून वाटायचे, स्वाध्यायाला पुस्तकं द्यायची, मुनिमहाराजांना शास्त्र भेट द्यायचं. बरोबरच आहे ते. पण गावातल्या सरकारी शाळेत पाचवीच्या पोराला दुसरीच्या पुस्तकातला धडा वाचता येत नसेल, तर आपण छापलेला ग्रंथ उद्या वाचणार कोण? हा प्रश्न काही वर्षं माझ्या डोक्यात आहे, म्हणून हा लेख.

इंदूर-बडोद्याच्या वाचकांना आधी एक सांगायला हवं. तिकडं जैन म्हटलं की पेढी आणि दुकान डोळ्यांपुढं येतं. आमच्या बेळगाव, निपाणी, चिक्कोडी भागातला जैन हा बहुतेक शेतकरी. ऊस, तंबाखू, सोयाबीन करणारा. म्हशीची धार काढून बस्तीत दर्शनाला जाणारा. भाषेचं म्हणाल तर माहेर मराठी आणि सासर कन्नड, नाहीतर त्याच्या उलट, असं घरोघरी. त्यामुळं गावची सरकारी शाळा ही आमच्यासाठी लांबची गोष्ट नाही. आमचे वडील, चुलते तिथंच शिकले. आज मात्र ऐपत असलेल्या घरातली पोरं सकाळी पिवळ्या व्हॅनमधून तालुक्याच्या इंग्रजी शाळेला जातात आणि गावच्या शाळेत उरतात ती तंबाखूच्या वखारीत नाहीतर दुसऱ्याच्या रानात राबणाऱ्यांची पोरं. त्यात आमच्या समाजातलीही आहेत. गरीब जैन नसतोच असं वाटणाऱ्यांनी एकदा आमच्या गल्लीत यावं.

बस्तीच्या कारभारात आपण बायका फार चोख. दशलक्षणात पूजेचे सवाल होतात, तेव्हा कुणी किती बोललं, कुणी दिलं आणि कुणाचं अजून यायचंय, हे पुरुषांपेक्षा बायकांनाच पक्कं ठाऊक असतं. अकराशे रुपये दिले तरी पावती लागते. पावतीवर नाव चुकलं तर परत करून घेतो. वर्षाच्या शेवटी जमाखर्च फळ्यावर लागला नाही तर बायकांच्या घोळक्यात आधी चर्चा सुरू होते. मग त्याच गावात, बस्तीपासून दोन गल्ल्यांवर, दरवर्षी सरकारचा पैसा येतो, दोन शिक्षकांचा पगार निघतो, तेहतीस पोरं दुपारचं जेवतात, आणि त्याचा हिशेब कुणी विचारत नाही. देवाच्या पैशाचा हिशेब लागतो आणि पोरांच्या पैशाचा लागत नाही, असं का व्हावं?

आमच्या गल्लीतली एक सून शाळेच्या कमिटीत आहे. कर्नाटकात या कमिटीला सगळे एसडीएमसी म्हणतात, म्हणजे शाळा विकास आणि देखरेख समिती. २००१ साली ती सुरू झाली. पुढं २००९ चा शिक्षण हक्क कायदा आला आणि त्याच्या एकविसाव्या कलमात स्पष्ट लिहिलं गेलं, की समितीत चारांतले तीन सभासद पालक हवेत आणि एकूण सभासदांत निम्म्या बायका हव्यात. कागदावर एवढा मान आपल्याला दुसऱ्या कुठल्या कमिटीत नाही. बस्तीच्या ट्रस्टमध्ये तर मुळीच नाही!

पण ही सून मला एक दिवस म्हणाली, "काकू, मी दोन वर्षं कमिटीत आहे. बैठक झाली की सर वही पाठवतात, मी सही करते. आत काय लिवलंय ते मला ठाऊक न्हाई."

मी म्हटलं, "वाचत का नाहीस गं? सातवी शिकलीयस की."

"कन्नडमधनं असतंय ओ काकू. मी मराठी शाळेतली. आणि बैठक अकरा वाजता. वखारीत खाडा पडतो. अर्ध्या दिवसाची हजेरी जाते."

यात सगळं आलं. कायद्यानं निम्म्या बायका बसवल्या. पण बैठकीची वेळ अकराची, वही कन्नडमध्ये, आणि एका सहीपायी मजुरी बुडायची. मग बाई फक्त सहीपुरती उरणारच. तिला दोष देऊन काय उपयोग? हेडमास्तरांनाही मी दोष देत नाही. वरून सुत्तोले, म्हणजे परिपत्रकं, कन्नडमध्ये येतात, उत्तरं कन्नडमध्ये मागतात. दोन शिक्षक, पाच इयत्ता. त्यातला एक जण मतदारयाद्यांच्या नाहीतर गणतीच्या कामावर. कायद्यानं शिक्षकाला जनगणना, आपत्ती आणि निवडणूक या कामांवर पाठवता येतं. एक सर त्या कामाला गेले की पाचही वर्ग दुसऱ्याच्या गळ्यात. मग कमिटीपुढं वाचून दाखवायला त्यांना सवड कुठली?

मला कन्नड वाचता येतं. माझं आजोळ रायबाग भागातलं, शाळेच्या सुट्ट्या तिकडंच गेल्या. म्हणून पुढच्या बैठकीला मी तिच्यासोबत गेले. सभासद म्हणून नव्हे, वाचून दाखवायला. बैठक संध्याकाळी पाचला ठेवा एवढी एकच विनंती आधी केली होती, आणि सरांनी ती लगेच मान्य केली. आजवर कुणी मागितलंच नव्हतं म्हणाले. नऊ बायका आल्या. आम्हाला सूर्यास्ताआधी जेवायचं असतं, त्यामुळं बैठक तासाभरात आटपली पाहिजे असं मी सांगून टाकलं. त्याचा फायदा असा झाला, की भाषणं झाली नाहीत.

त्या दिवशी जे कळलं ते सगळ्या मैत्रिणींना कळावं म्हणून जरा सविस्तर सांगते. हिशेबाचं नाव काढलं की बायका कंटाळतात, पण हा हिशेब आपल्या किराणाच्या वहीपेक्षा अवघड नाही.

शाळेवर होणारा सगळ्यात मोठा खर्च म्हणजे शिक्षकांचा पगार. तो गावाच्या हातात येत नाही, थेट त्यांच्या खात्यावर जातो. पुस्तकं, गणवेश वस्तू म्हणून येतात. दुपारच्या जेवणाला आमच्याकडं अक्षर दासोह म्हणतात, त्याचा हिशेब वेगळा. गावाच्या हातात खरं येतं ते शाळा अनुदान. समग्र शिक्षा योजनेतून पटसंख्येप्रमाणं ते मिळतं. पट तीसपर्यंत असेल तर वर्षाला १०,००० रुपये. तीसच्या वर शंभरपर्यंत असेल तर २५,०००. शंभरच्या वर अडीचशेपर्यंत ५०,०००. यातला किमान दहावा भाग स्वच्छतेवर खर्च करायचा असतो.

आमच्या शाळेचा पट तेहतीस. म्हणजे २५,००० रुपये. भागून बघा. पोरामागं वर्षाला साडेसातशेच्या थोडं वर. वर्षात दोनशे दिवस शाळा धरली तर पोरामागं दिवसाला पावणेचार रुपये. त्यात खडू, रजिस्टर, विजेचं बिल, नळाची तोटी, संडास धुवायची पावडर, कौलं फुटली तर कौलं, पंधरा ऑगस्टचा खाऊ. तेही पैसे जूनमध्ये मिळत नाहीत. बऱ्याचदा वर्ष निम्मं सरल्यावर येतात, मग तोवर सर स्वतःच्या खिशातून नाहीतर दुकानात उधारीवर चालवतात.

आता खरी गोम पुढं आहे. तेहतीसातली तीन पोरं व्हॅनमध्ये बसली तर पट तीस होतो. पट तीस झाला की अनुदान १०,००० वर येतं. तीन पोरं गेली आणि उरलेल्या तिसांचे १५,००० रुपये गेले! पोरामागं साडेसातशेवरून सव्वातीनशेच्या आसपास. शाळेची कौलं मात्र तेवढीच, विजेचं बिल तेवढंच. हे ऐकून एक आजी म्हणाल्या, "म्हंजे एक पोर गेलं की बाकीच्यांच्या ताटातलं बी घेऊन जातंय म्हणा की." मला हे याहून सोपं करून सांगता आलं नसतं.

शिक्षकांचंही तसंच. कायद्याच्या परिशिष्टात पहिली ते पाचवीला साठ मुलांपर्यंत दोन शिक्षक, एकसष्टपासून तीन. पाच इयत्तांना दोनच शिक्षक मिळणार, कारण पोरं तेवढीच. आणि पाच इयत्तांना दोनच शिक्षक आहेत म्हणून पोरं जाणार. पोरं गेली की शाळा शेजारच्या गावच्या शाळेत विलीन करायची भाषा सुरू होते. छोट्या गावांतल्या शाळा याच रहाटात अडकल्यात. मराठी शाळांचं दुखणं आणखी एक. कन्नड शाळा बंद पडली तर पुढच्या गावात दुसरी कन्नड शाळा असते. मराठी शाळा बंद पडली तर पुढची मराठी शाळा किती मैलांवर, ते सीमाभागातल्या आयांना विचारा. भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळावं हे घटनेच्या ३५० अ कलमात १९५६ पासून आहे. पण कलम काही शाळेत जाऊन बसत नाही. पट हवा.

सीमाप्रश्नावर आमच्याकडं पुरुषांनी खूप आंदोलनं केली, लाठ्या खाल्ल्या. मला त्याविषयी आदर आहे. पण त्यातल्याही कितीतरी घरांतली नातवंडं इंग्रजी शाळेत आहेत, हेही दिसतं. आणि कन्नडशी वैर करून पोरांचं भलं होणार नाही हेही दिसतं. कन्नड आता पहिलीपासून शिकावंच लागतं. त्या बैठकीत एक गंमत झाली. परिपत्रकातला एक शब्द मला अडला. दारात आईला शोधत आलेली एक पोरगी उभी होती. पाचवी पास होऊन जूनपासून शेजारच्या गावी सहावीला जाते. तिनं पुढं होऊन तो शब्द वाचला आणि मराठीत अर्थही सांगितला. तिची आई वखारीत तंबाखू निवडते, अंगठा उठवते. पोरीकडं ती ज्या नजरेनं बघत होती, तसं मी कुणाला पंचकल्याणकातसुद्धा बघताना पाहिलं नाही. त्या दिवसापासून ठरलं, परिपत्रक आलं की पाचवीतल्या पोरांनी ते कमिटीपुढं वाचायचं. पोरांचं कन्नड सुधारतं आणि आयांना कारभार कळतो.

पण सगळी पोरं त्या पोरीसारखी नाहीत. म्हणून पैशाचा हिशेब झाल्यावर मी सरांना म्हटलं, आता वाचनाचा हिशेब बघू. ते जरा नाराज झाले. परीक्षेचे निकाल त्यांनी पुढं केले. सगळी पास. मी म्हटलं, पास झालेत हे मान्य, पण वाचतात का ते ऐकू द्या. मोठ्या परीक्षेचंसुद्धा आपण पाहिलंच की. कर्नाटकात दहावीचा निकाल २०२३ साली ८३.८९ टक्के होता. पुढच्या वर्षी परीक्षेच्या खोल्यांत कॅमेरे लावून वरून बघायला सुरुवात झाली, तेव्हा ग्रेस मार्क वाढवूनही निकाल ७३.४० टक्क्यांवर आला. पोरं एका वर्षात मठ्ठ झाली का? नाही. आधीच्या आकड्यात काय काय मिसळलेलं होतं ते कॅमेऱ्यानं गाळून काढलं. आणि ही पोरं दहावीत कच्ची झाली नाहीत. तिसरीत वाचायला अडखळली होती, तेव्हा कुणी थांबून ऐकलं नाही.

ऐकायची रीत अगदी साधी आहे. 'प्रथम' या संस्थेची माणसं २००५ पासून देशभर खेड्यांत हेच करत आली आहेत. पोराच्या घरी जायचं, एक पान पुढं धरायचं, त्यावर अक्षरं, शब्द, सोपा उतारा, दुसरीच्या पातळीची गोष्ट. पोर कुठवर जातं ते लिहून घ्यायचं. त्यांच्या २०२४ च्या पाहणीत पाचवीतल्या मुलांपैकी दुसरीच्या पातळीचा मजकूर वाचू शकणारी मुलं निम्म्याहून थोडी कमीच निघाली. देशभरातल्या खेड्यांची ही गत, तेव्हा आमच्या सरांनी एकट्यानं मान खाली घालायचं कारण नव्हतं, आणि तसं मी त्यांना सांगितलंही. चौथी-पाचवीत मिळून अकरा पोरं होती. दुसरीचं पुस्तक दिलं. चौघांनी खडखडीत वाचलं. तिघं बोट ठेवून, अडखळत. उरलेल्या चौघांना जोडाक्षर आलं की घाम फुटत होता. त्यातल्या एकाला तर गोष्ट पाठ होती. पान उलटं धरलं तरी तो म्हणत होता!

बायका हसल्या नाहीत. ज्या आईचं ते पोर होतं, ती म्हणाली, "मी रोज म्हणते की ह्यो चांगलं वाचतोय. मला काय कळतंय, मी ऐकते निस्तं."

मी तिला म्हटलं, "ऐकतीस तेच खूप आहे. आता एवढं कर, बोट शब्दावर आहे का तेवढं बघ. बोट थांबलं की तू थांब."

तेव्हापासून मारुतीच्या देवळाच्या कट्ट्यावर संध्याकाळी अर्धा तास वाचन चालतं. देऊळ मारुतीचं का आणि बस्ती का नाही, असं आमच्यातल्या काहींनी विचारलं. उत्तर सोपं आहे. बस्तीच्या पायरीवर सगळ्या गल्ल्यांतली पोरं संकोच न करता येतील का? कट्ट्यावर सगळी येतात. वाचता येणाऱ्या दोघी-तिघी असतात, बाकीच्या तंबाखूच्या वासाच्या लुगड्यांनिशी नुसत्या शेजारी बसतात. खर्च शून्य. सुगीत पंधरा दिवस बंद पडतं, पुन्हा सुरू होतं. दिवाळीनंतर तेच पुस्तक पुन्हा दिलं तेव्हा अकरांपैकी आठ जणांनी वाचलं. तिघं अजून मागं आहेत. त्यातला एक ऊसतोडीला आईबापाबरोबर गेला होता, त्याचा दोष नाही. चमत्कार झाला असं मी सांगणार नाही. आठ झाले एवढं सांगते.

आता जरा नाजूक विषय. लिहू की नको असं वाटत होतं, पण आपल्या समाजाच्या पुस्तकात हे लिहायचं नाही तर कुठं लिहायचं?

कर्नाटकात शाळेच्या जेवणात अंडं आलं. २०२१ च्या शेवटी कल्याण कर्नाटकातल्या जिल्ह्यांत सुरू झालं, पुढच्या वर्षी सगळ्या राज्यात. २०२४ मध्ये अझीम प्रेमजी फाउंडेशनच्या मदतीनं आठवड्याचे सहा दिवस द्यायचं ठरलं. जी मुलं अंडं खात नाहीत त्यांना केळं. आमच्या समाजातल्या काही जणांनी गावात अंडं बंद करा म्हणून अर्ज लिहिला आणि सह्यांसाठी माझ्याकडं आणला. मी रात्री न खाणारी, चातुर्मासात कांदा-बटाटाही वर्ज्य करणारी. मी सही करणार असं त्यांनी धरूनच ठेवलं होतं. मी केली नाही.

माझं म्हणणं एवढंच होतं. माझी अहिंसा माझ्या चुलीवर चालते. वखारीत राबणाऱ्या बाईच्या पोराला आठवड्यात ज्या चार पौष्टिक गोष्टी मिळतात, त्यातली एक मी माझ्या सहीनं काढून घ्यायची आणि त्याला अहिंसा म्हणायचं, हे मला जमणार नाही. आपली पोरं ज्या ताटावर बसतात तिथं केळं खरंच मिळतं का, अंड्याचं आणि केळ्याचं भांडं, चमचा वेगळा ठेवतात का, आईला न विचारता पोराच्या ताटात काही वाढलं जात नाही ना, हे बघणं आपलं काम. ते आम्ही कमिटीत मांडलं. पहिल्यांदा पाहिलं तर केळ्यांची यादीच नव्हती. अंडं न खाणारी पोरं त्या दिवशी नुसता भात-सांबार खाऊन उठत होती आणि कुणाच्या लक्षातही आलं नव्हतं. आता भिंतीवर यादी आहे. किती अंडी, किती केळी, रोज लिहितात, आणि स्वयंपाकाच्या मावशीच त्यावर खूण करतात. अर्ज घेऊन आलेल्यांतल्या एका भाऊंना मी म्हटलं, तुम्ही आंदोलन केलं असतं तर पोरांना केळं मिळालं नसतं. ते अजून माझ्यावर रागावलेले आहेत. आपल्याला अनेकान्त शिकवलेला आहे, त्यांचीही बाजू असेलच. पण केळी रोज मोजली जातात.

दानाविषयी मग समाजाच्या बैठकीत बोलणं निघालं. शाळेला काहीतरी देऊ या, असं सगळ्यांनाच वाटलं. आपली माणसं देण्यात मागं नाहीत, हा आपला वारसाच आहे. १८९९ साली दक्षिण महाराष्ट्र जैन सभा स्थापन झाली, तिनं बोर्डिंगं काढून आपल्या शेतकरी घरांतली पोरं शिकवली. कुंभोजचे कर्मवीर भाऊराव पाटील आपल्याच समाजातले. १९१९ मध्ये काले गावी त्यांनी रयत शिक्षण संस्था सुरू केली. साताऱ्याच्या वसतिगृहात सगळ्या जातींची पोरं एका पंगतीत जेवायची, आणि त्यांना रांधून घालणाऱ्या लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने त्यासाठी दिले. भाऊरावांच्या पुतळ्याला आपण हार घालतो, पण लक्ष्मीबाईंनी दिलं ते कुठल्या फरशीवर नाव कोरून घ्यायला नव्हतं. पोरांच्या ताटात धान्य नव्हतं म्हणून दिलं.

आमच्या बैठकीत पहिली सूचना आली ती शाळेला कमान बांधायची. संगमरवरी पाटीसह. दुसरी आली, आपण पैसे गोळा करून एक शिक्षक नेमू. पहिलीवर मी गप्प बसले, दुसरीवर बोलले. शिक्षक देणं हे सरकारचं काम आहे. आपण एक वर्ष पगार दिला तर पुढच्या वर्षी वरचं ऑफिस म्हणेल, तुमचं तर चाललंय की. जे हक्कानं मिळायचं ते दानानं भागवलं की हक्क सुटतो. जागा रिकामी असेल तर कमिटीनं ठराव करून अतिथी शिक्षक मागायचा, ठरावाची प्रत बीईओ ऑफिसात देऊन पोच घ्यायची, उत्तर नाही आलं तर चिक्कोडीला डीडीपीआय ऑफिसात जायचं. चिक्कोडी वेगळा जिल्हा व्हायचा राहिला खरा, पण शिक्षणखात्यापुरता तो जिल्हा आहेच, आणि तिथली पोच कामाला येते. आम्ही गेलो. तीन खेपा झाल्या. ऑगस्टमध्ये अतिथी शिक्षिका आल्या.

मग दान कशाला? जिथं अनुदान पोचत नाही तिथं. आमच्या पैशातून गोष्टींची मराठी-कन्नड पुस्तकं आली, अनुदान उशिरा येतं तोवर उधारी लागू नये म्हणून थोडी रक्कम शाळेच्या खात्यात ठेवली, आणि सहावीला पायी शेजारच्या गावी जाणाऱ्या चार मुलींना सायकली घेतल्या. पैसे कुणाच्या हातात दिले नाहीत. हेडमास्तर आणि कमिटीचे अध्यक्ष यांच्या जोडखात्यात भरले आणि पावती घेतली. कमानीचं अजून राहिलंय. राहू दे.

आणखी एक माहिती सांगते, कारण बऱ्याच घरांत ती चुकीची आहे. २०१४ मध्ये जैनांना देशपातळीवर अल्पसंख्याक दर्जा मिळाला, तेव्हा पहिलीपासून शिष्यवृत्तीचे अर्ज भरायला सगळ्यांची धावपळ व्हायची. २०२२ मध्ये केंद्राची ती शिष्यवृत्ती फक्त नववी-दहावीपुरती केली गेली. पहिली ते आठवीचं शिक्षण कायद्यानं मोफतच आहे असं कारण दिलं गेलं. तेव्हा लहान पोरांच्या अर्जाचे पैसे घेणाऱ्या एजंटापासून सावध राहा, आणि नववी-दहावीतल्या गरीब घरच्या पोरींचे अर्ज वेळेत भरले का ते बघा.

ज्या तीन घरांतली पोरं व्हॅनमध्ये बसणार होती, त्यांतल्या दोन घरांनी यंदा थांबायचं ठरवलं. एक पोरगा गेला. त्याच्या आईला मी काही बोलले नाही. नवऱ्याची हौस, सासूचा आग्रह, इंग्रजीची ओढ, आणि २०१४ च्या सुप्रीम कोर्टाच्या निकालानंतर माध्यम निवडायचा हक्क तर आहेच तिला. पण दोन घरं का थांबली, ते मी विचारलं. त्या म्हणाल्या नाहीत की मातृभाषेसाठी थांबलो. एक म्हणाली, "आता आमचा बाळ्या वाचतोय ओ. मग साताठशे रुपये महिन्याला व्हॅनला कशाला घालू?" शाळा टिकवायची भाषणं गेली वीस वर्षं ऐकतेय मी. त्यातल्या एकाही भाषणात हे वाक्य नव्हतं.

पहिलीत यंदा पाच पोरं आली, पाचवीची चार बाहेर पडली. तेहतीसातून एक गेला, पट पुन्हा तेहतीस. तिसांच्या रेघेवर फक्त तीन पोरं. पुढच्या वर्षीचं पुढं.

मैत्रिणींनो, तुमचं गाव निपाणीजवळ असो, खानापुराकडं असो, की सीमेच्या अलीकडं कागल-शिरोळला, तुमच्याकडं कमिटीला शाळा व्यवस्थापन समिती म्हणत असतील, एवढाच फरक. जूनमध्ये बैठकीची तारीख विचारा आणि ती बायकांच्या सोयीची लावून घ्या. पट किती आणि अनुदान किती आलं ते विचारा, पासबुक बघा. शिक्षक किती दिवस वर्गात होते आणि किती दिवस बाहेरच्या कामावर, ते लिहून मागा. आणि दुसरीचं पुस्तक पिशवीत घेऊन जा. सगळं विचारून झालं की एका पोराला जवळ बसवा, पान उघडा आणि ऐका.